मडमबाईंची खापरपणजी

कुळाचा अभिमान बाळगणारी माणसे मी दोन प्रकारची पाहिली आहेत. एक, ज्यांच्यापाशी दुसरे काही उरलेले नसते. आणि दुसरी, ज्यांच्यापाशी दुसरे काही कधी नव्हतेच. बहात्तर सालच्या दुष्काळात नगरमधल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात या दोन्ही प्रकारचे एकेक माणूस वेताच्या खुर्चीत समोरासमोर बसलेले असे, आणि त्यांच्यामध्ये टाईपरायटर घेऊन मी. त्या दोघांना एकमेकांविषयी अपार आदर होता. मला दोघांविषयीही नव्हता. पण ते बोलून दाखवण्याची माझ्यात धमक नव्हती. लिहायला मी फार उशिरा लागले आहे, तेव्हा निदान हे एक प्रकरण तरी मवाळ करून सांगू नये असे वाटते.

बंगला मडमबाईंचा होता. म्हणजे मिशनचा होता आणि मडमबाई त्यात राहत होत्या. तरुणपणी अमेरिकेहून त्या मुलींना शिकवायला नगरला आल्या आणि इथेच म्हाताऱ्या झाल्या. आता मिशनला बंगला मोकळा हवा होता. मायदेशी परतायचे आणि धाकट्या बहिणीच्या घरातल्या मागच्या खोलीत दिवस काढायचे, एवढेच त्यांच्यापुढे होते. नगरमध्ये त्या रस्त्याने निघाल्या की टांगेवाले टांगा बाजूला घेत. तिकडे त्यांना गावचे कुत्रेही ओळखणार नव्हते. हे त्यांच्या मनाला फार लागले होते. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय असा, की नुसती एक म्हातारी शिक्षिका म्हणून न परतता कोणाची तरी वंशज म्हणून परतावे.

त्यांच्या गावात आद्य घराण्यांच्या वंशजांचे एक मंडळ होते. साडेतीनेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून पहिली गलबते तिकडे गेली, त्यांतल्या माणसांचे हे खरे-खोटे वारस. मंडळाचे काम काय, असे मी एकदा चाचरत विचारले. वर्षातून एकदा सगळे एकत्र जेवतात, असे उत्तर मिळाले. त्या जेवणाला बसायचे तर आपले मूळ माणूस त्या गलबतांतून आले होते हे दाखवावे लागे, आणि ते चांगल्या घराण्यातले होते हेही. मडमबाईंची वंशावळ मागे जाता जाता एका बाईपाशी येऊन थांबत होती. तिचे नाव ठाऊक होते, नवरा ठाऊक होता, मुलगे ठाऊक होते. बाप ठाऊक नव्हता. कितीतरी पिढ्या मागची ती बाई. पण मडमबाई तिला ‘माझी खापरपणजी’ म्हणत, कारण त्याच्या पलीकडचा शब्द आपल्याकडे कोणी वापरत नाही.

तिला बाप मिळवून देणे हे मडमबाईंचे त्या वर्षीचे काम होते. इंग्लंडमधल्या एका सरदार घराण्यात त्याच सुमारास एक मुलगी जन्मली होती आणि पुढे तिचे काय झाले ते कुठेच सापडत नव्हते. मडमबाईंचे मन तिच्यावर बसले होते. अडचण एवढीच, की तिचे नाव वेगळे होते. खापरपणजीचे नाव एका सद्गुणाचे होते. त्या काळी तिकडचे कर्मठ लोक मुलींना धीर, विवेक, मौन असल्या अर्थाची नावे ठेवीत. सरदारकन्येचे नाव मात्र एका राणीचे होते. दोघींची मोट बांधता येत नव्हती.

मी या कामात आले ती टायपिंगपुरती. बी.ए.ला माझे इंग्रजी होते, टायपिंगची परीक्षा दिलेली होती, ह्यांची पाटबंधारे खात्यातली नोकरी दिवसभराची आणि घरात आम्ही दोघेच. मडमबाईंचा हात कापत असे, म्हणून दुपारी मी त्यांची पत्रे टाईप करीत असे. त्या माझ्याशी मराठीत बोलत. त्यांचे मराठी त्यांच्या शाळेतल्या भिंतींसारखे होते: जाड, स्वच्छ आणि कुठेही पोपडा न आलेले.

“माझ्या मुली, आज आपण लवकर आलात हे पाहून मला संतोष होतो,” असे त्या म्हणत, आणि मला उगाचच शाळा तपासणीला आल्यासारखे वाटे.

दुष्काळ वाढला तसे माझे सासरे गावाहून आमच्याकडे राहायला आले. गाव कर्जत तालुक्यातले, मिरजगावच्या बाजूचे. विहिरी आटल्या, गुरे छावणीत गेली, आणि मामंजींना तिथे करण्यासारखे काही उरले नाही. इथे तर काहीच नव्हते. त्यामुळे सून परक्या बंगल्यावर एकटी जाते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

“आपल्या घराण्यातली बाई कुणाच्या दारात कामाला गेलेली न्हाई,” ते म्हणाले.

“काम नाही, मामंजी. लिहिणं आहे,” मी म्हणाले.

“मग मी येतो संगं. लिहिणं काय आसतंय ते बघतो.”

असे ते पहिल्यांदा बंगल्यावर आले. पागोटे नीट बांधून आले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत, पाठ न टेकता, बसले. मडमबाईंनी चहा मागवला. मामंजी म्हणाले, “आज उपास हाय.” दुसऱ्या दिवशीही उपास होता. त्या आठवड्यात सातही वार उपासाचे निघाले. किरिस्तावाच्या घरचा चहा घ्यायचा नाही, एवढा साधा अर्थ मडमबाईंना नगरमध्ये अर्धे आयुष्य घालवून कळत नसेल असे मला वाटत नाही. पण त्या रोज विचारीत आणि रोज तितक्याच अदबीने ‘असो’ म्हणत.

मामंजींचा उपास सुटला तो वंशावळीमुळे. मडमबाईंनी एकदा टेबलावर आपला मोठा तक्ता पसरला, तेव्हा ते खुर्चीतून उठून आले.

“ह्ये काय, वंशावळ?”

“होय. माझ्या पूर्वजांची.”

“मंग तुमच्याकडं हेळवी येत न्हाई व्हय?”

मडमबाईंना हेळवी ठाऊक नव्हता. मामंजींनी सांगितले: बैलावर बसून येतो, दारात थांबतो, आणि तुमच्या बापापासून पार चितोडगडापर्यंतची नावे न अडखळता म्हणून दाखवतो. मग त्याला धान्य द्यायचे, धोतर द्यायचे.

“आम्ही लंडनच्या एका गृहस्थांना लिहितो,” मडमबाई म्हणाल्या. “ते शोध करून कळवतात. त्यांची फी असते.”

“म्हंजी तुमचा हेळवी टपालानं येतो,” मामंजी म्हणाले. “येऊंद्या. पन धोतर त्योबी घेतोच की!”

मडमबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. मग त्यांनी सरदार घराण्याची ढाल काढून दाखवली. तिच्यावर कसलासा पांढरा पक्षी होता.

“पाखरू!” मामंजी खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “आवं, ह्ये तर देवक झालं. आमच्यात लग्नाला देवक बशिवतात, कुनाचं झाड, कुनाचं पीस. तुमी चांगल्या कुळातल्या हाय, मडमबाई. मला पयल्या दिशीच वाटलं. बसन्यावरनं कळतं.”

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला. कपातून नव्हे, बशीतून, पण घेतला. चितोडगडच्या पायथ्याशी आणि इंग्लंडच्या कुठल्याशा किल्ल्यावर ज्यांची घरे आहेत, त्यांना एकमेकांचे पाणी चालते, असे एकूण ठरले. त्या आठवड्यात आमच्या घरात रेशनवर मिळालेल्या मिलोच्या लाल भाकऱ्या होत होत्या. ती अमेरिकेची ज्वारी. मामंजी तिला ‘जनावराचं खाद्य’ म्हणत आणि खात.

पुढे रोजच बैठक भरू लागली. मामंजी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची नावे म्हणून दाखवीत. त्यांत एकही बाई नव्हती. एकामागून एक बाप्ये जणू स्वतःहूनच उगवत गेले होते. मडमबाई मान डोलवीत. मग त्या आपली अडचण मांडीत: बाई आहे, बाप नाही; बाप आहे, तर लेकीचे नाव जुळत नाही. हे मी इतक्यांदा ऐकले होते की टाईप करताना माझी बोटे आधीच पुढच्या शब्दावर जाऊन थांबत.

एक दिवस मामंजींनी मांडी थोपटली.

“मडमबाई, कशापायी डोकं शिनवताय? सरदाराच्या लेकीचं लगीन झालं. लग्नात नाव बदाललं. संपलं!”

“आमच्यात आडनाव बदलते. पहिले नाव बदलत नाही,” मडमबाई म्हणाल्या.

“बदालत न्हाई कसं? ही बघा आमची सून.” मी खाली पाहिले. “हिच्या डिगरीच्या कागदावर येक नाव, घरात दुसरं. म्याच ठेवलं. ताटात तांदूळ पसारले, सोन्याच्या अंगठीनं लिवलं, सगळ्या पावन्यांत पेढं वाटलं. आता सांगा, ही येक बाई हाय का दोन?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःलाच कधी नीट देता आलेले नाही. पदवीवरची मी आणि रेशनकार्डावरची मी एकच, असे तहसील कचेरीत शपथेवर सांगण्याची पाळी माझ्यावर आलेली होती, आणि तिथल्या कारकुनाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेनेच मडमबाई आता माझ्याकडे पाहत होत्या. फरक एवढाच, की त्यांचे डोळे चमकत होते.

“एक,” त्या हळूच म्हणाल्या. “अर्थातच एक.”

मी एकदाच तोंड उघडले. “पण बाई, इंग्रजांत अशी चाल नव्हती ना?”

“साडेतीनशे वर्षांपूर्वी काय होते हे आज कोण छातीठोकपणे सांगेल, माझ्या मुली?” मडमबाई म्हणाल्या. आयुष्यभर वर्गात मुलींना ‘पुराव्याशिवाय बोलू नये’ असे शिकवणारी ही बाई. “कर्मठ लोक होते ते. राणीचे नाव त्यांना डामडौलाचे वाटले असणार. नव्या घरात, नव्या देशात, तिला सद्गुणाचे नाव दिले असणार. किती स्वाभाविक आहे!”

मंडळाला पत्र गेले. ते मीच टाईप केले, म्हणून त्यातले एक वाक्य मला अजून जसेच्या तसे आठवते. लग्नानंतर स्त्रीचे पहिले नाव बदलण्याची प्रथा आपण ज्या जिल्ह्यात आयुष्य घालवले तिथे आजही सर्वत्र प्रत्यक्ष पाहत आहोत, असे त्यात लिहिले होते. इंग्लंडमधल्या लग्नाला नगर जिल्ह्याचा पुरावा! कर्जत तालुक्यातल्या एका म्हाताऱ्याने मांडी थोपटली आणि समुद्रापलीकडे एका अनाथ बाईला सरदार बाप मिळाला. मामंजींनी गल्लीत सांगून टाकले की मडमबाई सरदाराच्या आहेत. बंगल्यावर ते आता चहा बशीत न ओतता कपातूनच पिऊ लागले. मडमबाईंनी तर आपला रेशमी झगा शिंप्याकडे उसवून नवा करायला टाकला. तो त्या जेवणासाठी होता.

मंडळाचे उत्तर यायच्या आधी मडमबाईंची भाची आली. ज्या धाकट्या बहिणीच्या घरी त्या राहायला जाणार होत्या, तिची ही मुलगी. गोव्याच्या वाळूत काही महिने काढून ती आता शिर्डीला चालली होती आणि वाटेत मावशीकडे थांबली होती. अंगात पुरुषी सदरा, खाली लुंगी, गळ्यात रुद्राक्ष, पाय अनवाणी. बंगल्यात पाऊल टाकल्याबरोबर तिने आपले मळके कपडे आयापुढे धुवायला टाकले आणि हात जोडून ‘नमस्ते’ म्हणाली.

“सरदाराची पोर हाय,” मामंजी मला म्हणाले. “कशीबी ऱ्हाईल. तिला कोन इचारनार?”

दुपारी आम्ही चौघे व्हरांड्यात होतो. तक्ता टेबलावर पसरलेला होता आणि खापरपणजीच्या नावावर आता पेन्सिलीने सरदाराचे नाव चढले होते. भाचीने ते वाचले आणि ती मोठ्याने हसली.

“मावशी, हिचा बाप सरदार? ही तर विकत आणलेली मोलकरीण!”

ती इंग्रजीत बोलत होती. कॉलेजात असताना तिने त्या गावच्या जुन्या कोर्टाचे कागद वाचले होते. तिथल्या सगळ्यांनाच ते माहीत होते, असे ती म्हणाली. गलबताच्या भाड्यापायी सात वर्षे राबण्याच्या बोलीवर एका व्यापाऱ्याने तिला आणली. तिचे वय तेव्हा सोळाच्या आसपास. मालकिणीने मारले म्हणून हिने धुण्याचे पाणी मालकिणीच्या अंगावर ओतले, आणि त्याबद्दल रविवारी चर्चच्या दारात तिला सगळ्या गावापुढे उभे केले. बोली संपल्यावर तिने एका पिंपे करणाऱ्याशी लग्न केले.

“ती दुसरी कोणी असेल,” मडमबाई म्हणाल्या. “त्या नावाच्या पुष्कळ स्त्रिया होत्या.”

“त्या गावात त्या नावाची एकच. आणि नवरा हाच.” भाचीने तक्त्यावर बोट ठेवले. “मावशी, आईला हे कधीचे ठाऊक आहे. म्हणून तर तिने मंडळाचा नाद सोडला. तुला कोणी सांगितले नाही?”

मडमबाईंनी तिचे बोट तक्त्यावरून बाजूला केले. बहिणीने आपल्याला कळवलेसुद्धा नाही, हे त्यांना तक्त्यापेक्षा जास्त लागले असावे.  

मामंजी या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर पाहत होते. “काय म्हनतीय ती? सूनबाई, सांग की. सरदाराचं कायतरी निगालं न्हवं?”

मी मडमबाईंकडे पाहिले. त्यांनी मला ‘नको’ असे म्हटले नाही. मी म्हणाले, “मामंजी, त्यांची खापरपणजी कामाला आणलेली होती. सात वर्षांच्या बोलीवर.”

“कामाला म्हंजी?”

“भांडी, धुणं.”

मामंजींनी कप खाली ठेवला. तो अर्धा भरलेला होता. “म्हंजी बटीक,” ते म्हणाले. हा शब्द मडमबाईंना समजला. नगरमध्ये त्यांनी इतकी वर्षे काढली होती, असले शब्द त्यांना समजत.

मामंजी उठले, पागोटे सारखे केले आणि पायऱ्या उतरून गेले. बंगल्याच्या फाटकाशी नळ होता. दुष्काळात त्याला दिवसातून थोडाच वेळ पाणी येई, पण तेव्हा नेमके येत होते. त्यांनी ओंजळ धरून चूळ भरली. दोनदा भरली. भाचीला वाटले त्यांना तहान लागली आहे.

घरी आल्यावर ते मला म्हणाले, “चा प्येलो तिच्या घरचा. रोज प्येलो!”

त्याच महिन्यात आमच्या भावकीतल्या सुना शेजारच्या तालुक्यात दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. आपल्या गावच्या कामावर नव्हे, कारण तिथे लोक ओळखतात आणि कुळाला बट्टा लागतो; परक्या गावच्या कामावर, पदराने तोंड झाकून. त्यांच्या हाताला घट्टे पडले होते आणि त्यांनी मिळवलेल्या मजुरीवर मामंजींच्या भावांची घरे जेवत होती. ही गोष्ट मामंजींना ठाऊक होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही आणि तिच्यासाठी कधी चूळही भरली नाही.

भाची आणखी थोडे दिवस राहिली. आपल्याला त्या मोलकरणीचा फार अभिमान वाटतो, सगळ्या घराण्यात तीच एक खरी होती, असे ती मला सांगत असे. सांगताना पाय वेताच्या खुर्चीवर घेऊन बसे आणि तिचे सदरे मागच्या अंगणात आया पिळत असे. मोलकरणीचा अभिमान बाळगायला स्वतः बादलीला हात लावावा लागत नाही, एवढी त्या अभिमानाची सोय होती. मग एका सकाळी ती शिर्डीच्या एसटीत बसून गेली.

मी मात्र त्या सोळा वर्षांच्या मुलीचाच विचार करीत राहिले. इतके दिवस ती मला एका तक्त्यातला अडथळा वाटत होती. तिने अनोळखी माणसाशी सात वर्षांची बोली केली, समुद्र ओलांडला, आणि मालकिणीच्या अंगावर धुण्याचे पाणी ओतले. तक्त्यात तिच्या वर आणि खाली जेवढी नावे होती, त्यांतल्या कोणी काही केल्याचे मला कोणी कधी सांगितले नव्हते. ते नुसते जन्मले होते.

पुढच्या वेळी बंगल्यावर गेले तेव्हा मडमबाई नेहमीच्या जागी ताठ बसल्या होत्या. मंडळाचे उत्तर आले होते; ते नकाराचे आहे आणि नम्र आहे, एवढे त्यांनी सांगितले. त्यांनी ते मला दाखवले नाही, पाकिटातच ठेवले.

“माझ्या मुली, आपण नवा तक्ता करू,” त्या म्हणाल्या. “मी विचार केला. आपण त्या पिंपे करणाऱ्याच्या बाजूने मागे जाऊ. त्याच्या आईच्या माहेरी एक न्यायाधीश होऊन गेले, असे मला एका ठिकाणी आढळले आहे.”

मी टाईपरायटरला कागद लावला. त्यांनी सांगितलेली नावे एकामागून एक टाईप केली. पिंपे करणाऱ्याचे नाव आले. त्याच्यासमोर बायकोची जागा होती.

“तिथे ‘पत्नी: नाव अज्ञात’ असे लिहा.”

“नाव ठाऊक आहे, बाई,” मी म्हणाले.

“ते मला ठाऊक आहे,” मडमबाई म्हणाल्या. “तरी अज्ञातच लिहा. त्याने कोणाचे काही बिघडत नाही.”

मला पुष्कळ बोलता आले असते. शब्द इंग्रजीतही सुचत होते आणि मराठीतही. मी टाईपरायटरवरून हात काढले, पिशवी घेतली आणि मला आज घरी लवकर जायचे आहे, असे सांगितले. फाटकापर्यंत आले तेव्हा मागे टाईपरायटरचा आवाज सुरू झाला होता. मडमबाई स्वतःच टाईप करीत होत्या. कापऱ्या हाताने, एकेक अक्षर शोधून, पण न थांबता.